एकादशीला मी उघडलेला डबा

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघालाच तर उठून पाणी प्यायला जायचो, नाहीतर गोदामाच्या भाडेकरूची काहीतरी तक्रार काढायचो, की बोलणं तिकडे वळायचं. पुढे घरात विचारणारं कुणी उरलं नाही, तेव्हा टाळणं आणखी सोपं झालं. आता वय झालं आहे. त्या दिवसाबद्दल आमच्या गावात जे बोललं जातं ते खोटं आहे, आणि ते माझ्याच तोंडून निघालेलं आहे. दुरुस्त करणारा दुसरा कुणी नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव भिवंडीजवळचं, कोन गावापासून फार लांब नाही. आम्ही खाडीकाठचे भातशेतीवाले. माझ्या डोळ्यांदेखत शेतं संपली आणि तिथे गोदामं उभी राहिली. ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतली. बायको त्याआधीच गेली होती. एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर, इंजिनात कामाला. वर्षातले आठ-नऊ महिने तो समुद्रावर असायचा. दुमजली घर, खाली-वर मिळून सात खोल्या, आणि राहणारी माणसं दोन, मी आणि सून. ती स्वयंपाकघरात, मी ओटीवर. सबंध दिवसात आमचं बोलणं म्हणजे “बाबा, पान वाढलंय” आणि “आलो.” तिला काही विचारावं, तिच्याशी दोन शब्द बोलावेत, असं मला वाटायचं. पण सासऱ्याने सुनेशी काय बोलायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी माझ्या बुद्धीने शिकलो नाही.

मुलाचं जहाज त्या काळात साखर भरायला ब्राझीलला जायचं, सांतोस नावाच्या बंदराला. एकदा इंजिनात बिघाड झाला आणि ते तिथे महिना-दीड महिना अडकून पडलं. बंदराबाहेर एका म्हाताऱ्या बाईची खानावळ होती, तिथे हा रोज जायचा. फोन आला की बायकोला काय खाल्लं ते सांगायचा. एरवी नवरा-बायको फोनवर काय बोलतात मला माहीत नाही, पण ही दोघं खाण्यावर बोलायची. ती विचारायची, “मग त्यात काय घालतात?” तो म्हणायचा, “थांब, उद्या विचारून सांगतो.” अशा तऱ्हेने एका शाळकरी वहीत कृती जमत गेल्या. तो जे खातो ते आपणही खावं, एवढीच तिची सुरुवातीची इच्छा होती. हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, पोरगी रिकामी बसण्यापेक्षा काहीतरी करते आहे, करू दे.

कल्याणहून तिने एक छोटा ओव्हन आणला. तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग फार होतं. वीज जायची वेळ ठरलेली, पण ती पाळलीच जाईल असं नाही. गावाच्या पलीकडे यंत्रमागांचा खडखडाट अचानक थांबला की समजायचं, वीज गेली. मग स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा, “गेला माझा केक.” एकदा गाजराचा केक असा अर्धवट राहिला. कच्ची गाजरं, तेल आणि अंडी मिक्सरमधून काढून त्यात मैदा आणि साखर घालायची, भाजून झालं की वरून चॉकलेट ओतायचं, असा तो प्रकार. तिकडची गाजरं केशरी असतात, आपली हिवाळ्यातली लाल, त्यामुळे तिचा केक विटेच्या रंगाचा व्हायचा. त्या दिवशी तो मध्ये खचून वाटीसारखा झाला. तिने त्या खळग्यात चॉकलेट भरलं आणि मला आणून दिलं. मी खाल्लं, म्हटलं, “ठीक आहे.” चांगलं होतं. चांगलं म्हणायला काय हरकत होती?

सगळ्यात सोपी होती ब्रिगादेरो नावाची मिठाई. कंडेन्स्ड मिल्क, कोको आणि लोणी मंद आचेवर ढवळत राहायचं. मिश्रणाने कढईचा तळ सोडला की उतरवायचं, गार झालं की हाताला लोणी लावून गोळ्या वळायच्या आणि चॉकलेटच्या शेवेत घोळवायच्या. तिने पहिल्यांदा केली तेव्हा ती सैल राहिली, गोळी वळेना. शेजारच्या घरातून माझ्या वहिनी आल्या होत्या. त्यांनी कढईत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, ही तर बर्फीची चाल हाय. वाटीभर पाण्यात थेंब टाकून बघ. गोळी झाली तर झालं.” तिने थेंब टाकला, गोळी झाली नाही, पुन्हा कढई चढवली. तेव्हापासून वहिनी तिच्या गुरूही झाल्या आणि शिष्याही.

या वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी शाळेत होतो, त्यांच्याच हातचं जेवून वाढलो. भाऊ तरुणपणीच गेला. त्यानंतर त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मासे-मटण कायमचं सोडलं. आमच्यासारख्या घरात, जिथे सुक्या बोंबलाच्या वासाने सकाळ उजाडायची, तिथे हे सोपं नव्हतं. कुणाच्या लग्नात गेल्या तर स्वतःची वाटी आणि चमचा बरोबर नेत. पण दुसऱ्यांना कधी नावं ठेवली नाहीत. “तुमी खा रे. मी नको म्हटलं ते मी म्हटलं,” असं म्हणायच्या.

वहिनींच्या मागोमाग गल्लीतल्या आणखी चार-पाच बायका यायला लागल्या. दर गुरुवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर. आमचं स्वयंपाकघर हसण्याने भरून जायचं. मी ओटीवर पेपर घेऊन बसायचो आणि कान आत लावायचो. माझ्या सबंध आठवड्यात माणसांचा आवाज घरात असायचा तो त्या दोन तासांत. खोबरं आणि कंडेन्स्ड मिल्कच्या गोळ्या करून वर एकेक लवंग टोचायची, असा एक प्रकार होता. तो शिकवताना एक जण म्हणाली, “ही लवंग खायची की काढायची?” सून म्हणाली, “काढायची. ती शोभेची.” त्यावर वहिनी म्हणाल्या, “आमच्यासारखीच मग. दागिन्यासारखी बसवायची न् खायच्या वेळी बाजूला.” बायका किती वेळ हसत होत्या.

त्या गुरुवारांनी सून बदलली. तिच्या माहेरी डोंबिवलीला माणसांचा राबता, इथे ती दिवसचे दिवस गप्प असायची. आता गल्लीतून जाताना तिला चार ठिकाणी थांबवत. तिने मला विचारलं होतं, “बाबा, खालची पुढची खोली रिकामीच आहे. तिथे मी क्लास सुरू केला तर चालेल का? फी वगैरे नंतर बघू. आधी नीट ओटा बांधून घेते.” मी म्हटलं, “बघू.” पण मनातून मला बरं वाटलं होतं. मी गवंड्यालासुद्धा विचारून ठेवलं होतं. तिला सांगितलं नव्हतं एवढंच.

आता त्या पावाबद्दल. ब्राझीलमध्ये चीजचे छोटे गोल पाव करतात. त्यांच्या भाषेत पावाला पावच म्हणतात, हे ऐकून मला गंमत वाटली होती. ते गव्हाचे नसतात. आपला साबुदाणा ज्या कंदाचा करतात त्याच कंदाच्या पिठाचे असतात. तसं पीठ इथे मिळेना, म्हणून सुनेने साबुदाणा कोरडाच मिक्सरमध्ये दळून फडक्याने चाळला. दूध, तेल आणि मीठ उकळून त्या पिठावर ओतायचं, मोदकाच्या उकडीसारखं ढवळायचं, आणि कोमट होऊ द्यायचं. मग त्यात अंडी घालून मळायचं. उकड गरम असताना अंडी घातली तर ती शिजतात आणि पीठ फसतं. शेवटी किसलेलं चीज. तेलाच्या हाताने लिंबाएवढे गोळे करून ओव्हनमध्ये ठेवायचे आणि वीस-पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही. बाहेरून कडक, आतून पोकळ आणि चिवट, असे ते फुगून येत. ते मला फार आवडायचे. मी एका बैठकीत सहा खायचो.

भिवंडीतल्या एका शाळेच्या शिक्षिकांनी तिच्याकडे हे पाव मागितले, साठ-सत्तर नग. तिची ही पहिलीच मोठी ऑर्डर. द्वादशीला सकाळी द्यायचे होते. आदल्या दिवशी एकादशी, आणि त्या एकादशीला भजनाची पाळी आमच्या घरी. आमच्या गावात दर एकादशीला दुपारी एकेकाच्या घरी भजन होतं, ज्याची पाळी त्याने सगळ्यांना उपासाचा फराळ द्यायचा.

दशमीला दुपारी सून मला म्हणाली, “बाबा, पाव मी आजच करून ठेवते. उद्या घरात अंडं फोडणार नाही. परवा सकाळी पाच मिनिटं गरम केले की पुन्हा ताजे होतात.” तिला अंडी कमी पडत होती. मी संध्याकाळी फिरायला जातोच, म्हणून म्हटलं, मी आणतो. रस्त्यावरच्या दुकानातून सहा अंडी कागदात बांधून मीच आणली. दुकानदार उत्तरेकडचा. मला रोज बघायचा, म्हणून हसून म्हणाला, “चाचा, आप तो कल के उपवास की तैयारी में होंगे, और ये अंडे?” मी म्हटलं, “बहू का काम है. कल के लिए नहीं.” म्हणजे मला माहीत होतं. कुठल्या गोष्टीसाठी आणि कशात घालायला, सगळं माहीत होतं. ती अंडी फोडत असताना मी तिथेच पाणी पीत उभा होतो.

रात्री जेवताना तिने पुन्हा सांगितलं, “बाबा, वरच्या फळीवर निळ्या झाकणाचा डबा आहे, तो शाळेचा. उपासाचं सगळं खाली झाकून ठेवलंय.” मी “बरं” म्हटलं.

एकादशीला दुपारी पंचवीस-तीस माणसं जमली. पुरुष पुढे, बायका मागे. भजन चांगलं झालं. फराळाला रताळी, शेंगदाण्याचे लाडू, केळी, आणि सुनेने मुद्दाम केलेल्या खोबऱ्याच्या गोळ्या, लवंग टोचलेल्या. मी सगळ्यांना सांगत होतो, ही ब्राझीलची मिठाई, आमच्या सूनबाईने केली, खास उपासाला चालेल अशी. मंदिराच्या समितीचा मी अध्यक्ष होतो. बोलायची सवय होतीच.

तेवढ्यात वर फोन वाजला. जहाज बंदराला लागलं की मुलाचा फोन यायचा, दहा-पंधरा दिवसांतून एकदा. सून माझ्याकडे बघून “आलेच” म्हणाली आणि जिना चढून गेली. त्या वेळी तिला कुणी हाक मारायची नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

मृदंग वाजवणारा माझा बालमित्र. त्याने एक गोळी तोंडात टाकली आणि म्हणाला, “अध्यक्ष, हे ब्राझील ब्राझील काय लावलंय? हे तर आपले नारळाचे लाडू. माझी आई करायची. तिने खाडीपलीकडं पाऊल टाकलं नव्हतं.”

सगळे हसले. दुसरा कुणीतरी म्हणाला, “लवंग ब्राझीलची असंल.”

एवढ्याशा चेष्टेने मला लागलं. खरं तर लागण्यासारखं काही नव्हतं. पण मी सहा महिने गावभर सांगत सुटलो होतो की माझी सून अशी, माझी सून तशी. तिच्या तोंडावर कधी बोललो नाही ते. गावाला मात्र सांगायचो. मी उठलो. म्हटलं, “थांबा. तुमच्या आईने हे कधी केलं नसेल.” स्वयंपाकघरात गेलो, वरच्या फळीवरून निळ्या झाकणाचा डबा काढला, आणि पाव ताटात ओतून बाहेर आलो.

“हे कशाचे?” मित्राने विचारलं.

“साबुदाण्याचे,” मी म्हटलं. “साबुदाणा, दूध आणि चीज. चीज म्हणजे दूधच.”

आम्हा माणसांच्या डोक्यात साबुदाणा आणि उपास ही एकच गोष्ट आहे. साबुदाणा म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. मलाही डबा काढताना दुसरं काही सुचलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. एवढ्यापुरता मी निर्दोष होतो. ताट फिरलं. लोकांना पाव फार आवडले. ताट मागे बायकांत गेलं. वहिनींनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, “अगो बाई, आतून पोकळ हाय की. पोरीच्या हाताला गुण हाय.” आणि दुसरा घ्यायला हात पुढे केला.

तेव्हा मला आठवलं. कागदात बांधलेली सहा अंडी डोळ्यांसमोर आली. वहिनींचा हात ताटाकडे जात होता, गळ्यातली माळ पुढे लोंबत होती, आणि मी चार हातांवर उभा होतो. “वहिनी, थांबा” एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. मनात हिशेब केला की एक तर खाऊन झालाच आहे, आता कळलं काय न कळलं काय, आणि सगळ्यांसमोर माझं हसं होईल. त्यांनी दुसरा पाव खाल्ला. मग तिसराही.

सून जिना उतरून आली. नवऱ्याशी बोलून आली की तिचा चेहरा वेगळा दिसायचा. तसा चेहरा घेऊन ती आली आणि रिकामं ताट बघून जागच्या जागी थांबली.

“बाबा, हे पाव कुणी दिले?” ती म्हणाली. आणि मग, वहिनींकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “यांत अंडी आहेत.”

तिला गप्प बसता आलं असतं. मी गप्प बसलो होतो तशी. पण ती वहिनींशी लबाडी करू शकत नव्हती.

एक जण उठून चूळ भरायला गेला. मग मित्राने मला विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

आणि मी म्हणालो, “मला काय ठाऊक? बायकांच्या स्वयंपाकातलं मला काय कळतं? सांगून ठेवायला नको?”

सुनेने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा पत्ता शोधत आलेला माणूस बंद दाराकडे बघतो, तशी. तिला वाटलं असावं की मी विसरलो असेन, आत्ता आठवेल, आत्ता सांगेन. ती तशी थोडा वेळ थांबली. मी ताटाकडे बघत राहिलो. मग ती म्हणाली, “चुकलं माझं.”

वहिनींनी माळेला हात लावला. म्हणाल्या, “पोरी, तुला मी काय केलं व्हतं गं?” त्या ओरडल्या नाहीत. उठल्या आणि घरी गेल्या.

एरवी आमच्या गावात अंड्याला कोण विचारतं? त्या बैठकीतले निम्मे लोक आदल्याच दिवशी मासे खाऊन आले होते. पण एकादशी ती एकादशी, आणि माळकऱ्यांचं तर वेगळंच. वहिनींनी माळ उतरवून देवापुढे ठेवली. महिनाभर त्या उघड्या गळ्याने वावरल्या. एक वेळ जेवत, कुणाकडे जात नसत. पुढे कीर्तनकार बुवांच्या हातून त्यांनी ती पुन्हा घातली.

पुढच्या गुरुवारी दुपारी सुनेने कढई काढून ठेवली होती. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. तिसऱ्या गुरुवारी तिने कढई काढली नाही. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव “अंडेवाली” ठेवलं. कुणाच्या घरी ती हळदीकुंकवाला काही घेऊन गेली की घेणारी हसत विचारायची, “यात काही नाही ना?” ती म्हणायची, “नाही.” दुसऱ्या वर्षी ती रिकाम्या हाताने जायला लागली, आणि मग जाईनाशी झाली. शाळेला तिने निरोप पाठवला होता की पाव बिघडले. पुन्हा तिकडून विचारणा आली नाही. पुढच्या खोलीचं तिने नाव काढलं नाही. मीही नाही.

तिने मला एका शब्दाने काही विचारलं नाही. “बाबा, पान वाढलंय” आणि “आलो”, आमचं बोलणं पहिल्यासारखं चालू राहिलं. फरक एवढाच की आधी त्या बोलण्यात लाज होती, आता काहीच नव्हतं. मुलाला तिने यातलं सांगितलं नसावं. रजेवर आला की तो विचारायचा, “पाव का करत नाहीस हल्ली?” ती म्हणायची, “वीज कुठे असते?”

दीड-दोन वर्षांनी मुलाने जहाज सोडलं, पनवेलला नोकरी धरली, आणि दोघं तिकडे राहायला गेली. मला चला म्हणाली. मी म्हटलं, भाडेकरूंकडे कोण बघणार? ती गेल्यावर मी पहिल्यांदा घरातल्या सगळ्या खोल्यांमधून फिरलो. चार खोल्यांत दिवे लावून ठेवायचो, उगाच. दुपारी भात लावायचो आणि संध्याकाळी तोच खायचो. गुरुवार आला की जास्त जड जायचं. यंत्रमागांचा आवाज सोडला तर कान लावावा असं काही ऐकू येत नसे.

एकदा मी ठरवून पनवेलला गेलो. मुलगा कामावर होता. तिने चहा केला. मी म्हटलं, “सूनबाई, मला एक बोलायचं आहे. त्या एकादशीचं.”

ती गॅससमोर पाठमोरी उभी होती. तशीच म्हणाली, “बाबा, मला कशाला सांगता? मला माहीतच आहे. अंडी कुणी आणली, डब्याचं कुणाला सांगितलं होतं, सगळं. मी तिथेच होते.”

“तरी...”

“मला सांगून काय उपयोग? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. तुमच्या वहिनींना सांगा. त्या दिवशी होते त्यांना सांगा. मग माझ्याकडे या, मी ऐकेन.” कप माझ्यापुढे ठेवत तिने विचारलं, “साखर पुरे आहे ना?”

मी पुरे आहे म्हणालो. तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. माफी तिच्याकडे एकांतात मागून मला बरं वाटलं असतं, तिच्या हातात काही पडलं नसतं.

गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी वहिनींकडे गेलो. त्या खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या. सुनेची चौकशी केली. मी म्हटलं, “वहिनी, त्या पोरीवर तुमचा राग आहे का अजून?”

त्या म्हणाल्या, “राग न्हाय भावजी. पण मनातून उतरली ती उतरली. तुमच्याकडं बघून मी गप बसले. म्हटलं, भावजींचं त्यात काय? त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक पण नव्हतं.”

त्या वेळी तोंड उघडायचं होतं. वहिनींनी मला लहानपणी भात कालवून दिला होता, आणि त्या माझ्याबद्दल चांगलं बोलत होत्या. ते चांगलं बोलणं मला सोडवेना. मी गुडघेदुखीचं विचारलं, तेल सांगितलं आणि उठलो. नंतर महिन्यातून एकदा तरी जायचो, दर वेळी आज सांगायचं असं ठरवून. सुनेला फोन केला की ती माझ्या तब्येतीचं विचारायची. वहिनींशी बोललात का, हे तिने कधी विचारलं नाही, आणि फोन ठेवण्याआधी ती जरा थांबायची.

त्या दशकाच्या शेवटी वहिनी गेल्या. तेराव्याला मंदिरासमोर मांडव घातला होता. एकादशीला आमच्या ओटीवर होते त्यांतले जवळजवळ सगळे तिथे होते. मृदंगवाला मित्र, गल्लीतल्या बायका. पनवेलहून मुलगा आणि सून आली होती. सून बायकांत, अगदी मागे बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. जायच्या आधी मी वाक्यं पाठ केली होती, कागदावर लिहून. “त्या एकादशीला अंडी मी आणली होती. सुनेने मला दोनदा सांगितलं होतं. डबा मी उघडला. वहिनी दुसरा पाव घेत होत्या तेव्हा मला आठवलं होतं, आणि मी बोललो नाही. नंतर खोटं बोललो. माझ्या सुनेची यात काही चूक नाही. तिची आणि वहिनींची मी तुम्हा सगळ्यांसमोर माफी मागतो.”

एवढंच होतं. मोठ्याने वाचायला अर्धं मिनिट लागलं नसतं. मी उभा राहिलो, माईक हातात घेतला. मागे सुनेने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “वहिनींनी जन्मभर माळ सांभाळली. अशी बाई आता होणे नाही.” लोकांनी माना हलवल्या. मी माईक पुढच्या माणसाकडे दिला आणि खाली बसलो.